ती नाव आणि ते नाव

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बेकरीत जाऊन आपण म्हणतो, ‘पाव किलो खारी आणि एक लादी पाव द्या.’ दुकानदार गोंधळत नाही. घरी येऊन देवापुढे हात जोडतो आणि म्हणतो, ‘पाव रे बाबा एकदाचा.’ देवही गोंधळत नसावा. पण या तीन पावांची एकमेकांशी साधी तोंडओळखही नाही. पहिला पाव संस्कृत ‘पाद’पासून आलेला. जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या हिश्शाला पाद म्हणतात ते त्यामुळेच. ‘सपाद’ झिजून सव्वा झाला, ‘पादोन’ झिजून पाऊण झाला आणि नुसता पाद झिजून पाव उरला. देवाला घातलेला पाव ‘प्राप्’चा, म्हणजे मिळणे, पोचणे या अर्थाच्या शब्दाचा. पावती त्याच घरातली. आणि लादीतला पाव पोर्तुगीज.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, ते तिथे होते. एवढ्या काळात शब्द घरात शिरणारच. चावी, घमेलं, पिंप, फीत, बटाटा, पगार हे सगळे त्यांचे. ‘पगार’ हे तर त्यांच्याकडे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम केलं आणि एक तारखेची वाट बघायला लागलो. गोव्यात पाव भाजून दारोदार आणणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीजच. सायकलचा भोंगा वाजला की लोक उंडो नि पोई घ्यायला बाहेर येतात.

हे इतकं सांगायचं कारण असं की पावाची एक लाडकी व्युत्पत्ती आपल्याकडे ठाण मांडून बसली आहे. पूर्वी म्हणे कणीक पायाने तुडवायचे, म्हणून पाव. दुसरी त्याहून हुशार: लादीचे चार भाग होतात, एक भाग म्हणजे पाव. ऐकायला दोन्ही झकास. पण पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले आणि तिथेही पाव देऊन आले. जपानी माणूस आजही पावाला ‘पान’ म्हणतो. आता जपान्यांना आपला पायही माहीत नव्हता आणि पाव हिस्साही. पोर्तुगीज शब्दाचा शेवट नाकातून होतो. आपल्या कानाने त्यातला ‘व’ धरला, त्यांच्या कानाने ‘न’ धरला, इतकंच.

आणि जपानचं हे ‘पान’ आपल्याकडे आणून ठेवलं की दुसराच फड रंगतो. मराठी पान ‘पर्ण’पासून आलं. झाडाचं पान, विड्याचं पान, पुस्तकाचं पान, पत्त्यातलं पान, आणि ‘पानं घेतली आहेत, चला’ असं म्हणतो ते जेवणाचं पान. गावाकडे अजून एक आहे. ‘त्याला पान लागलं’ म्हणजे साप चावला. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याला असं झाकून म्हणायचं. हे सगळे अर्थ एकाच पानाच्या शिरा आहेत. पण मद्यपानातलं पान निराळं, ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूचं. पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे श्रीयुत, साहेब. ‘पॅन इंडिया सिनेमा’मधलं पॅन ग्रीक, अर्थ सगळा, समस्त. आणि खिशातलं पॅन कार्ड यापैकी कुणाचंच नातलग नाही, ती नुसती इंग्रजी आद्याक्षरं आहेत.

तर आजचा विषय हा. शब्दाचं रूप एक, पण घराणी वेगळी. किंवा घराणं एक, पण वागणूक वेगळी. मला यात एकच गोष्ट पटवायची आहे: शब्दाच्या तोंडवळ्यावर विश्वास ठेवू नका. त्याची चालचलणूक बघा. चालचलणूक म्हणजे काय ते पुढे येईलच.

घराणं एक आणि वागणूक वेगळी, हे सोपं प्रकरण आधी उरकतो. ‘शिक्षा’ घ्या. संस्कृतात हा शब्द ‘शक्’पासून, म्हणजे समर्थ होणे यापासून. समर्थ होण्याची इच्छा ती शिक्षा. वेदांगांमधल्या एका अंगाचं नाव शिक्षा, त्यात उच्चारांचा अभ्यास. हिंदीने तो अर्थ सांभाळला. २०२० मध्ये दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव बदलून ‘शिक्षा मंत्रालय’ झालं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी निमूटपणे ‘शिक्षण मंत्रालय’ छापलं. छापायलाच हवं, कारण आपल्याकडे शिक्षा न्यायाधीश देतात. हे मराठीपुरतं नाही. कन्नड, तेलुगू, गुजरातीतही शिक्षा म्हणजे दंडच. शिकवणं आणि बदडणं यांच्यात अंतर न ठेवणाऱ्या जुन्या पंतोजींचा यात किती हात आहे, याचा अंदाज तुम्हीच करा.

‘चेष्टा’ म्हणजे संस्कृतात अंगाची हालचाल. हिंदी-बंगालीत ती प्रयत्न झाली, मराठीत थट्टा. कोलकात्यात एखादा कारकून तुम्हाला म्हणाला की आम्ही तुमच्या कामासाठी चेष्टा करतोय, तर भडकू नका. ‘यंत्रणा’ तर याहून पुढची. आपल्याकडे सरकारी यंत्रणा, निवडणूक यंत्रणा. बंगालीत आणि हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. मूळ अर्थ बांधून ठेवणं, जखडणं. सरकारी यंत्रणेच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात असं तुमच्यापैकी काही जण पुटपुटतायत, ते मला इथे ऐकू येतंय.

‘अभिमान’ आपल्याकडे चांगला, मुलगी पहिली आली की होतो तो. हिंदीत तो गर्वाकडे झुकतो. बंगालीत अभिमान म्हणजे जवळच्या माणसाने दुखावल्यावर मनात धरलेला रुसवा, आणि इतक्या नाजूक गोष्टीला मराठीत एक शब्द नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. आणि ‘उपन्यास’! हिंदी-बंगालीत कादंबरी. कन्नड-तेलुगूत व्याख्यान. म्हणजे मी आत्ता जे करतोय तो धारवाडात उपन्यास ठरेल. मग कन्नड माणूस कादंबरीला काय म्हणतो? कादंबरीच. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या नायिकेचं विशेषनाम मराठीत आणि कन्नडमध्ये एका अख्ख्या साहित्यप्रकाराला मिळालं. गुजरातीने ‘नवलकथा’ केलं, त्यात इंग्रजी ‘नॉव्हेल’ही ऐकू येतं आणि आपलं नवलही. दोन परक्या शब्दांचा तोंडवळा जुळतोय हे बघून कुणीतरी हुशारीने जमवलेलं लग्न आहे ते, आणि ते टिकलं.

राजीनाम्यावर जरा थांबतो, कारण इथे अर्थ कुठून वळला ते दिसतं. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. दोन्ही तुकडे आपल्याला फारसीतून मिळाले. उत्तरेत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी कोर्टात दिलेला समझोता, आणि पद सोडायचं तर इस्तीफा. मराठीत पद सोडणं म्हणजे राजीनामा. संमतीचा त्याग कसा झाला? मुंबई इलाख्यातल्या महसुली कारभारात जमिनीचा खातेदार आपली जमीन सोडून देताना राजीनामा लिहून द्यायचा, आणि नवा खातेदार ती घेताना कबुलायत लिहून द्यायचा. जुन्या दप्तरांत राजीनामा-कबुलायत ही जोडी सारखी भेटते. माझ्या राजीखुशीने सोडतो, असा तो लेख. शेत सोडण्यासाठी चालणारा शब्द खुर्ची सोडण्यासाठी चालला, यात मला तरी काही नवल वाटत नाही. फक्त हल्ली त्यातली राजीखुशी कितपत उरली आहे, हा प्रश्न वेगळा.

आता घराणीच वेगळी असतात ते बघू. मुंबईत रिक्षावाला हिंदीत विचारतो, ‘खाली है क्या?’ आणि आपण मराठीत म्हणतो, ‘खाली या.’ हिंदी खाली अरबी आहे, अर्थ रिकामा. मराठी खाली आपल्या खाल-वरमधला. तबल्यातही खाली आहे. तीनतालात सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली. तिथे हात वर होतो की खाली, हा प्रश्न गैरलागू, कारण ही खाली अरबी आहे. तिथे डग्ग्याचा भरीव नाद नसतो, जागा रिकामी असते. मराठी विद्यार्थी मात्र कित्येक वर्षं तिला ‘वर’च्या विरुद्धची खाली समजून वाजवतात आणि वाजवतात उत्तम.

हालचाल हे त्याहून फसवं. मराठीत हालणे आणि चालणे यांची जोडी. ‘सीमेवर संशयास्पद हालचाली.’ हिंदीत ‘क्या हालचाल है?’ म्हणजे कसं काय चाललंय. त्यातला हाल अरबी, स्थिती या अर्थाचा. तोच अरबी हाल मराठीत वेगळ्या दाराने आलेला आहे, ‘हाल झाले’ म्हणतो त्यात. मूळ अर्थ नुसता स्थिती, आपल्याकडे येईपर्यंत स्थिती बिघडलेली होती. म्हणजे एकाच मराठी माणसाच्या तोंडात हालचालीतला हाल देशी आणि हालअपेष्टांमधला हाल परदेशी.

आता माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. नाव.

माणसाचं नाव आलं ‘नामन्’पासून. पाण्यावरची नाव आली ‘नौ’पासून. संस्कृतात ही दोन एकमेकांपासून चांगली लांब होती. प्राकृतातून येताना नामातला ‘म’ झिजून ‘व’ झाला, पण जाताना नाकातला सूर मागे ठेवून गेला. ग्रामाचं गांव झालं तसं नामाचं नांव. होडीच्या नावेत मुळात ‘म’ नव्हताच, म्हणून तिच्यावर अनुस्वारही नव्हता. जुनं पुस्तक उघडा, हा फरक डोळ्यांना दिसतो: डोक्यावर टिंब असेल तर माणसाचं, नसेल तर नावाड्याची. मग १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि दोन्ही शब्द एका वेषात उभे राहिले. कोकणीने अनुस्वार ठेवला, तिथे अजून नांवच. हिंदीला हा प्रश्नच नाही, कारण तिच्याकडे नामचं नाम राहिलं आणि नाव म्हणजे फक्त होडी. आपण ‘तुझं नाव काय?’ विचारलं की मराठी न येणाऱ्या हिंदी माणसाला वाटावं, याला माझ्याकडे होडी आहे हे कुठून कळलं?

पण आपला गोंधळ होत नाही. का होत नाही? कारण ते नाव आणि ती नाव. नावं आणि नावा. नावाला आणि नावेला. ‘नावावर कर्ज आहे’ आणि ‘नावेवर माणसं आहेत’. एक प्रत्यय लागला की लगेच कळतं कोण कुठलं. चालचलणूक म्हणालो ती हीच. तोंडवळा एक असला तरी वाक्यात चालायला लागले की दोघांची चाल वेगळी.

यानंतर इंग्रज आले आणि त्यांची बोट आली. आता मराठीत बोट आधीच होतं, प्रत्येकाच्या हातापायाला मिळून वीस. ते बोट. परकी वस्तू येते तेव्हा तिला लिंग कुणी द्यायचं? कुठलीही समिती बसली नाही. पण नाव ती, होडी ती, नौका ती, म्हणून बोटही ती झाली. आणि बघा काय जमून आलं. ते नाव, ते बोट ही माणसाला चिकटलेली. ती नाव, ती बोट पाण्यावर. बोटाला लागलं म्हणजे चिंधी बांधा, बोटीला लागलं म्हणजे भोक बुजवा. नावाचं आणि नावेचं जे नातं, तेच बोटाचं आणि बोटीचं. भाषेने जुनाच साचा काढला आणि नवा माल त्यात ओतला. इंग्रजीत वस्तूंना असं लिंग नाही, तिथली बोट कुठलीही खूण न घेता आली. ती खूण आपण दिली, आणि दिली म्हणून हातातलं बोट सुरक्षित राहिलं.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. ती मान म्हणजे मानगूट, संस्कृत ‘मन्या’पासून. तो मान म्हणजे आदर. मानेवर बसतो तो त्रास देतो, मानाने बसतो तो पाहुणा. ती माळ गळ्यात, तो माळ गावाबाहेर. माळेत मणी, माळावर गुरं. ती वात समईतली, ‘वर्ति’पासून झिजलेली. तो वात वैद्यांचा, कफ-पित्ताचा भाऊ, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. ‘या पोराने मला वात आणलाय’ म्हणतो तेव्हा ‘आणलाय’ म्हणतो, ‘आणलीये’ म्हणत नाही. रागाच्या भरातसुद्धा आपलं व्याकरण चुकत नाही. शाळेत लिंगविचार शिकताना आपण सगळ्यांनी कपाळाला हात लावलेला असतो, टेबल ते आणि खुर्ची ती का, वगैरे. त्या कटकटीचा हा एक रोकडा फायदा.

अर्थात दरवेळी असं होत नाही. लादीतला पाव पुल्लिंगी आणि हिश्शाचा पावही पुल्लिंगी. तिथे लिंग हात वर करतं आणि आजूबाजूचे शब्द काम करतात. मला लिंगाला सर्वज्ञ ठरवायचं नाही. पण मराठीत पहिला पहारेकरी तोच आहे.

फूट बघा. पक्षात फूट पडते ती फुटण्यातली. भिंत सहा फूट उंच असते तो इंग्रजी फूट. फुटीची चर्चा, फुटाची पट्टी. रूप एक, घराणी दोन, इथवर आपण सरावलो. पण आता उलटं सांगतो. हा इंग्रजी फूट म्हणजे पाय. आणि आपला पाव हिस्सा म्हणजे पाद, म्हणजे पाय. हे दोघे सख्खे चुलतभाऊ आहेत. तोंडवळा बघितलात तर फूट आणि फूट जुळे वाटतील, पाव आणि फूट परके वाटतील. खरं बरोबर उलट आहे.

हे मी कशाच्या बळावर म्हणतो? नुसतं ‘प’ आणि ‘फ’ जवळचे म्हणून नाही. संस्कृतात सुरुवातीला ‘प’ असेल तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो, आणि हे पुन्हा पुन्हा, नेमाने घडतं म्हणून. पाद-फूट. पंच-फाइव्ह. पितृ-फादर. हा नेम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये व्यवस्थित मांडला. लहान मुलांच्या परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तोच. त्याआधी १७८६ च्या फेब्रुवारीत कोलकात्यात विल्यम जोन्स या भाषापंडिताने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात असं सांगितलं, तेही एका व्याख्यानातच. पण जोन्सने नातं सांगितलं आणि ग्रिमने नात्याची शिस्त सांगितली. माझ्या मते मोठं काम दुसरं. शिस्त हाती आली की ‘चक्र’ आणि ‘व्हील’सारखे एका अक्षराचंही साम्य नसलेले शब्द एका घरातले आहेत हे दाखवता येतं. आणि दिसायला हुबेहूब असलेल्या शब्दांना दाराबाहेर ठेवता येतं.

दाराबाहेर ठेवण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपण रोज वापरतो. बदनाम. इंग्रजीत याला काय म्हणाल? बॅड नेम. बद म्हणजे बॅड, नाम म्हणजे नेम. शाळकरी पोरसुद्धा म्हणेल, सर, हे तर एकच आहे. अर्धं एकच आहे. फारसी नाम, संस्कृत नामन्, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम ही खरी एका कुळाची. पण बद आणि बॅड यांचा काही संबंध नाही. फारसीच्या आधीच्या पहलवी भाषेत हा शब्द ‘वद’ असा होता. पहलवीतला सुरुवातीचा ‘व’ फारसीत ‘ब’ होतो, नेमाने. संस्कृत वात, म्हणजे वारा, फारसीत बाद. विंशति, म्हणजे वीस, फारसीत बीस्त. म्हणजे बदने ब हे अक्षर फार उशिरा अंगावर घातलं. त्याच्या पूर्वजाला ब नव्हता, इंग्रजी बॅडशी नातं जुळणार कुठून? एका शब्दात दोन तुकडे, दोन्ही इंग्रजीशी जुळणारे. एक नातलग आणि एक तोतया.

अजून एक तोतया इथेच आहे. फारसी बेहतर आणि इंग्रजी बेटर. अर्थही एकच, जास्त चांगलं. पण ‘बेह’ पहलवीत ‘वेह’ होता, पुन्हा तोच व. त्यातला ‘तर’ मात्र आपला ओळखीचा, लघुतर-गुरुतरमधला. आणि मराठीने बेहतरचं काय केलं? ‘जीव गेला तरी बेहत्तर!’ अधिक चांगलं हा अर्थ सोडून आपण त्यातून एक बेफिकिरी काढली. जीव गेलेला बरा, पण मागे हटणार नाही. फारसी माणसाला हे वाक्य समजावून सांगायला अर्धा तास लागेल.

योगायोग किती टोकाला जाऊ शकतो, याचा एक किस्सा भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन नावाचे अभ्यासक १९६०च्या दशकात उत्तर क्वीन्सलंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, मूळ रहिवाशांच्या भाषा नोंदवत होते. म्बाबाराम नावाची भाषा बोलणारे जवळजवळ संपत आले होते. एका जाणत्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, कुत्र्याला तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला, ‘डॉग.’ डिक्सनना वाटलं, झालं, हा इंग्रजी सांगतोय. पण तो त्याच्या भाषेतला अस्सल शब्द होता. शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. म्बाबाराममध्ये शब्दांचा पुढचा भाग गळून जातो, इतरही शब्दांत गळतो, नेमाने. पुढचं गळालं, मागचं झिजलं, उरलं ‘डॉग’सारखं काहीतरी. बघा, इथेही निकाल दिला तो शिस्तीनेच. त्या गुडागाशिवाय आपण सगळ्यांनी त्या म्हाताऱ्याला खोटं पाडलं असतं.

नात्याच्या शब्दांबद्दल एक वाक्य, कारण नंतर कुणीतरी विचारणारच. मामा, बाबा, काका, दादा यांच्या साम्यावर काहीही उभं करू नका. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई, तीही उतारवयाची. पंजाबीत ‘काका’ म्हणजे लहान मुलगा, आणि हिंदीतली ताई मोठ्या चुलत्याची बायको असते. तान्ह्या बाळाला ओठ मिटून उघडणं सगळ्यात आधी जमतं, म्हणून ते मा-मा, बा-बा, पा-पा करतं. रोमान जेकबसन या भाषाशास्त्रज्ञाने यावर फार छान लिहिलं आहे. बाळ आवाज काढतं, आणि तो आपल्याला उद्देशून आहे असं घरातलं जवळचं माणूस ठरवून टाकतं. जॉर्जियात बापाने आधी ठरवलं असेल, दुसरं काय.

आता ज्याच्यासाठी मला हे सगळं सांगायचं होतं ते. ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, पांडवांनी तिथे अस्त्रं ठेवली होती, असा मजकूर तुमच्या मोबाइलवर आला असेल. माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो. ‘ऑस्ट्रालिस’ हा लॅटिन शब्द, अर्थ दक्षिणेकडचा. खंड दक्षिणेला आहे म्हणून ते नाव. पण खरी व्युत्पत्ती सांगून भागत नाही, समोरचा म्हणतो, ‘तुमचं ते एक मत.’ म्हणून हल्ली मी वेगळं विचारतो. बरं, अस्त्रचं ऑस्ट्र झालं. मग हा बदल आणखी कुठल्या दहा शब्दांत झाला ते दाखवा. वस्त्राचं काय झालं? शास्त्राचं काय झालं? विद्यालयाचं ‘विद्यालिया’ झालं का कुठे? तिथे संभाषण थांबतं. आपल्या भाषेचा मोठेपणा दाखवण्यासाठी असल्या जोड्या लावाव्या लागतात, हे मला त्या भाषेचा अपमान वाटतं. सव्वा हा सपाद आहे, पाव आणि फूट चुलतभाऊ आहेत, हे खरं असून इतकं रंजक आहे! मग खोट्याची हौस कशाला?

(श्रोत्यांतून एका बाईंनी विचारलं की नांव आणि नाव यांतला फरक इतका उपयोगी होता तर जुने अनुस्वार परत आणायला हवेत का.)

नाही, ताई. मला जुनी पुस्तकं आवडतात म्हणून मी तसं म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण बघा, तो अनुस्वार ज्या शब्दांच्या पूर्वजात नाकातला वर्ण होता तेवढ्यांनाच मदत करायचा. मान आणि मान, बोट आणि बोट, माळ आणि माळ यांना त्याचा काही उपयोग नव्हता. आणि बहुतेकांच्या बोलण्यातून तो आधीच गेलेला होता. पांच, कांच, नांव अशा याद्या पोरांनी पाठ करायच्या, त्याही न ऐकू येणाऱ्या टिंबासाठी, हे काही शहाणपणाचं नव्हतं. १९६२ ला झालं ते बरंच झालं. ते नाव आणि ती नाव एवढं पुरेसं आहे. माझी तक्रार फक्त कोशांबद्दल आहे. नव्या कोशांनी अशा शब्दांपुढे कंसात जुनं रूप द्यावं, कारण कुळ शोधायला निघालेल्याला तेच टिंब वाट दाखवतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ते तुम्हाला मिळेल. आणि तुमच्यापैकी जे जुनी मासिकं, दप्तरं संगणकावर शोधतात त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. नुसतं ‘नाव’ टाकलंत तर शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुरातून बहुतेक होड्याच वर येतील. माणसं हवी असतील तर ‘नांव’ही टाकून बघा.